सल्फ्युरिक, हायड्रोक्लोरिक, कॉस्टिक आणि टोल्युइन: टँकर खाली करायला होज, पंप, कपलिंग कसे निवडावेत?

वाशिष्ठीकाठ

नमस्कार मंडळी. लोटे परशुराम एमआयडीसीत मध्यम आकाराच्या केमिकल कारखान्यात मी प्रोजेक्टचं काम बघतो. टँकर खाली करायची जुनी जागा मोडून नवी शेड बांधायची आहे आणि साहित्याची यादी माझ्याकडून जायची आहे. माल चार: ९८ टक्के सल्फ्युरिक, ३० टक्के हायड्रोक्लोरिक, ४८ टक्के कॉस्टिक लाय (सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण) आणि टोल्युइन (पेटणारं सॉल्व्हंट). सल्फ्युरिकच्या गाड्या आठवड्याला दोन-तीन, बाकीच्या अधूनमधून.

सध्याची पद्धत तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलेली असेल. ड्रायव्हर स्वतःचा होज काढतो, आमचा हेल्पर कॅमलॉक (खटक्यांनी अडकणारं कपलिंग) ठोकून बसवतो, कॉम्प्रेसरची हवा टँकरमध्ये सोडली की ॲसिड टाकीत चढतं. नोझलखालचं (टाकीत माल घ्यायच्या तोंडाखालचं) काँक्रीट खाऊन आतली खडी उघडी पडली आहे आणि शेजारच्या खांबाच्या पायथ्याला पोपडे सुटलेत. आजवर मोठं काही झालं नाही, एवढ्या एका आधारावर हीच पद्धत नव्या शेडमध्ये न्यायची माझी तयारी नाही.

दोन कोटेशनं हातात आहेत. एकात चारही जागी लोडिंग आर्म (फिरत्या सांध्यांचा कडक पाइप). दुसरा म्हणतो, टेफ्लॉन लायनिंगचा एकाच प्रकारचा होज चारही मालांना चालेल, टोकाला एसएस ३१६ (स्टेनलेस स्टील) चे दोन इंची कॅमलॉक लावू, म्हणजे स्पेअरही एकच ठेवावं लागेल. ऐकायला सोयीचं आहे, पण मनाला पटत नाही. शिवाय ॲसिडला पंप कुठला घ्यावा तेही सांगा.

आप्पा_तळोजा

होज-आर्म नंतर बघू. आधी ती हवेची लाइन तोडा आणि फ्लँजला (पाइपच्या जोडाच्या चकतीला) ब्लाइंड, म्हणजे बंद झाकण, मारा.

रस्त्यावर धावणारा साधा एमएसचा (माइल्ड स्टीलचा) ॲसिड टँकर म्हणजे दाबाचं भांडं नव्हे. प्रत्येक गाडीचं पत्र्याचं माप वेगळं, वय वेगळं, आतून किती खाल्लाय ते मालकालाही नक्की माहीत नसतं. त्यात शिफ्ट संपत आली की रेग्युलेटरची मूठ शेवटपर्यंत फिरते. आणि खरा धोका तर गाडी रिकामी होताना येतो. शेवटचं ॲसिड निघालं की मागे कोंडलेली सगळी हवा एका दमात होजमधून सुटते. होज सापासारखा उडतो, उरलेलं ॲसिड फवाऱ्यासारखं उडतं, आणि साठवण टाकीचा व्हेंट (हवा जायचं तोंड) बारीक असला तर टाकीचं छप्पर उचललं जातं. तळोज्यात मी मेंटेनन्सला असताना असा उडालेला होज पाहिलाय. समोर कोणी नव्हतं म्हणून निभावलं.

आता पंप. ९८ टक्के सल्फ्युरिकची घनता १.८४, म्हणजे पाण्याच्या जवळजवळ दुप्पट जड. पाण्यावर काढलेली मोटर इथे ओव्हरलोडवर ट्रिप होणार. कोटेशन मागताना घनता लिहून द्या आणि मोटर त्या हिशेबाने मागा. वरच्या मॅनहोलमधून पाइप टाकून ओढायचा विचारही नको. हवेचा दाब पाण्याला साधारण १०.३ मीटर उचलतो, तो या ॲसिडला कागदावरच ५.६ मीटर उचलेल, आणि प्रत्यक्षात त्याच्या बराच खाली राहील. खालच्या व्हॉल्व्हच्याच गाड्या मागवा, पंप टँकरच्या तळापेक्षा खाली बसवा, सक्शन सतत भरलेलं राहू दे.

सील नसलेला मॅग्नेटिक ड्राइव्ह पंप, आतून फ्लोरोपॉलिमरचं (टेफ्लॉनच्या जातीचं) लायनिंग. गळायला सीलच नाही, हा मोठा फायदा. पण कोरडा चालला की त्याचं बेअरिंग लगेच जातं, म्हणून मोटरचा लोड एकदम कमी झाला की पंप बंद करणारा रिले त्याच्यासोबतच घ्या. आणि गाडीचा व्हेंट किंवा मॅनहोल उघडा आहे हे हाताने तपासल्याशिवाय पंप चालू करायचा नाही, नाहीतर टँकर आत चेपतो.

मृण्मयी_कुरकुंभ

आप्पांशी शंभर टक्के सहमत. मी सेफ्टीत आहे, त्यामुळे "एकच होज चारही मालांना" या वाक्यावर थांबते.

आतलं टेफ्लॉन चारही माल सोसतं, हे खरंच आहे. पण होज म्हणजे नुसतं आतलं लायनिंग नाही. टोकाचं फिटिंग, गॅस्केट, बाहेरची वेणी (तारांचं विणलेलं कवच), सगळं मिळून होज. एकेक माल घेऊन बघा. एसएस ३१६ ला ९८ टक्के सल्फ्युरिक नेहमीच्या तापमानाला चालतं, हायड्रोक्लोरिक त्याच स्टीलला खाऊन टाकतं. पीपीचा (पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकचा) कॅमलॉक हायड्रोक्लोरिकला उत्तम, ९८ टक्के सल्फ्युरिकला तो टिकत नाही. ॲल्युमिनियमचा कॅमलॉक स्वस्त मिळतो, पण कॉस्टिकला लावलात तर तो विरघळत जातो आणि वर हायड्रोजन सोडतो. गॅस्केटच्या रबराचंही तसंच: कॉस्टिकला ईपीडीएम चांगलं, व्हायटॉन खराब होतं, टोल्युइनला व्हायटॉन चांगलं, ईपीडीएम फुगून सैल पडतं. रात्रपाळीला स्टोअरच्या एकाच डब्यात दोन्ही काळ्या रिंगा असतील तर बिचाऱ्या हेल्परने ओळखायचं कसं?

टोल्युइनला तर साधं पांढरं टेफ्लॉन घेऊच नका. ते वीज वाहून नेत नाही, आत स्थिर वीज साठते. कार्बन मिसळलेलं काळं, अँटिस्टॅटिक लायनिंग लागतं. म्हणजे चार माल, चार वेगळे होज. प्रत्येकावर कोरलेला धातूचा टॅग, त्यावर मालाचं नाव, चाचणीची तारीख आणि होज बाद करायची तारीख.

होज घेताना मटेरियलचा नुसता कागद घेऊन समाधान मानू नका. अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या फेस्टसला १४ ऑगस्ट २००२ रोजी क्लोरीनची रेल्वे वाघीण खाली होत असताना होज फाटला. आत टेफ्लॉन, बाहेर धातूची वेणी. वेणी हॅस्टेलॉय सी-२७६ (निकेलचा मिश्रधातू) ची हवी होती, निघाली ३१६ एल स्टेनलेसची. दिसायला दोन्ही सारख्या चकचकीत. टेफ्लॉनमधून झिरपणाऱ्या क्लोरीनने ती वेणी साधारण दोन महिन्यांत खाल्ली. आपत्कालीन व्हॉल्व्ह होते, पण गंजल्यामुळे ते पूर्ण बंदच झाले नाहीत. सुमारे तीन तास गळती चालली, ४८,००० पौंड क्लोरीन बाहेर पडलं आणि ६३ लोकांना डॉक्टरकडे जावं लागलं.

त्यामुळे माल गेटवर आला की पीएमआय गनने (धातूची जात ओळखणाऱ्या हातातल्या यंत्राने) वेणी, फिटिंग, नट तपासून घ्या. मिश्रधातू कोणता ते जागेवर कळतं. गन विकत घ्यायची गरज नाही, तपासणी करून देणाऱ्या संस्था येऊन करून देतात.

खरेदीखाते

मी पर्चेसचा माणूस, दुसरी बाजूही मांडतो. चार वेगळे होज, प्रत्येकाचं स्पेअर, वेगळी गॅस्केटं, पीएमआय, वर चाचणीचा खर्च. व्यवस्थापन विचारतं की शेजारचा कारखाना साध्या रबरी होजवर वर्षानुवर्षं चालतोय, मग आपल्यालाच एवढं का? तुम्ही लोक तांत्रिक कारणं देता, पण मला तीन कोटेशनं एका रेषेत मांडायची असतात. स्पेसिफिकेशन मोघम आलं तर स्वस्तातलाच माल येणार, तो दोष खरेदीचा नाही.

मृण्मयी_कुरकुंभ

@खरेदीखाते, तुमचा शेवटचा मुद्दा अगदी योग्य आहे. "टेफ्लॉन होज, दोन इंच" असं लिहून पाठवलं तर हातात काय पडेल ते नशिबावर. इंडेंटमध्ये (खरेदीच्या मागणीपत्रात) एवढं तरी हवंच: माल आणि त्याची टक्केवारी, कमाल तापमान, कामाचा दाब, व्हॅक्यूम येणार की नाही, आतलं लायनिंग, वेणीचा धातू, टोकाच्या फिटिंगचा धातू आणि ते कसं बसवलंय (क्रिम्प, म्हणजे यंत्राने दाबून पक्कं केलेलं हवं, स्क्रूने आवळायची जुबली क्लिप चालणार नाही), लांबी, वाकण्याची किमान त्रिज्या, कामाच्या दाबाच्या दीडपट दाबाच्या चाचणीचं त्या नंबरच्या होजचं सर्टिफिकेट. टोल्युइनसाठी दोन्ही टोकांमधल्या विद्युत सलगतेचा रिपोर्टही. एवढं लिहिलं की तीनही कोटेशनं आपोआप एका रेषेत येतात.

स्पेअरचा खर्च टाळू नका, तो मुख्य खर्च समजा. २०१० च्या जानेवारीत वेस्ट व्हर्जिनियात ड्यूपाँटच्या बेल कारखान्यात विषारी फॉस्जीनचा होज फुटून एक कामगार गेला. तो होज दर महिन्याला बदलायचा असं ठरलेलं होतं, प्रत्यक्षात जवळपास सात महिने बदललाच नव्हता. बदलायची तारीख येते तेव्हा स्टोअरमध्ये नवा होज पडलेला असला, तरच जुना उतरतो.

गाडीमालक

माझ्या ॲसिडच्या गाड्या आहेत, म्हणून वाहतुकीच्या बाजूने लिहितो. इथे ड्रायव्हरबद्दल अजून कोणी बोललेलं नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे आमच्या ड्रायव्हरचं धोकादायक मालाचं प्रशिक्षण झालेलं असतं, ट्रेम कार्ड (अपघात झाला तर काय करायचं ते सांगणारं कार्ड) जवळ असतं, गाडीवर माहितीचा फलक असतो. पण तो रात्रभर गाडी चालवून येतो, गेटबाहेर नंबर लागेपर्यंत उन्हात बसतो, आत आल्यावर कोणीतरी लांबूनच ओरडतं, "लाव पाइप." कुठल्या नोझलला, ते त्याला कोण सांगणार? कारखाना त्याचा नाही, टाक्या त्याच्या नाहीत. लिहून घ्या: जोडणी कारखान्याच्या माणसाने करायची. ड्रायव्हरने गाडीचा व्हॉल्व्ह उघडायचा, तेवढंच.

आमचे होज आम्ही देतो ते कारखान्याकडे नसतात म्हणून. पाचशे किलोमीटर गाडीच्या बाजूला बांधून, धुळीत, उन्हात, कधी चाकाखालून गेलेला होज आहे तो. कालच्या गाडीत त्यातून काय गेलं होतं, ते तुम्ही विचारता का? कारखान्याने स्वतःचा होज वापरला तर आमचीही चिंता मिटते.

आणि गाडीवर चढायची सोय करा. टँकरचा माथा साधारण तीन मीटरवर, गोल, ओला असला की गुळगुळीत. सॅम्पल काढायला तुमचा केमिस्ट चढतो, सील तोडायला आमचा क्लिनर. ॲसिडने भाजलेल्यांची चर्चा होते, वरून पडून कंबर मोडलेल्यांची होत नाही. बाजूने जिना, टँकरवर उतरणारा दुमडता पूल, त्याला चारही बाजूंनी पिंजरा. यादीत हे पहिल्या पानावर घ्या.

वाशिष्ठीकाठ

@गाडीमालक, मनापासून आभार. पूल आणि पिंजरा माझ्या यादीत नव्हते, आजच घातले. ड्रायव्हरला बसायला सावलीची खोली, पाणी आणि संडासही शेडच्या ड्रॉइंगमध्येच दाखवतो, म्हणजे नंतर बजेटमधून उडणार नाही.

चारही माल एकाच शेडमध्ये आहेत, त्यामुळे चुकीच्या टाकीत चुकीचा माल जाण्याची भीती मला सगळ्यात जास्त वाटते. रंग आणि पाट्या तर लावूच. तेवढं पुरेल?

जुबैलकर

नाही पुरणार. मूळचा डोंबिवलीचा, सध्या सौदीत जुबैलला टर्मिनलवर आहे.

कॅन्ससमधल्या ॲचिसन गावात २१ ऑक्टोबर २०१६ ला नेमकं हेच झालं. सल्फ्युरिक ॲसिडची गाडी आली, होज जोडला गेला तो सोडियम हायपोक्लोराइटच्या (ब्लीचचं द्रावण, म्हणजे हायपो) नोझलला. दोन्ही नोझलं शेजारी शेजारी, दिसायला सारखी, आणि हायपोच्या नोझलला कुलूप लावलेलं नव्हतं. साधारण ४,००० गॅलन ॲसिड हायपोमध्ये गेलं, क्लोरीनचा ढग गावावर गेला, १४० हून जास्त लोकांना उपचार घ्यावे लागले. अशा जागी पाटी हे फक्त सांगणं असतं. चुकीची जोडणी होऊच नये असं लोखंडच बनवायला हवं.

तुमच्या गाड्यांवर ॲसिड, हायड्रोक्लोरिक, कॉस्टिकचे व्हॉल्व्ह बहुतेक दोन किंवा तीन इंची फ्लँजचे असतील. गाडीकडचं टोक तुमच्या हातात नाही, टाकीकडचं आहे. तिथे चार प्रकार करा. सल्फ्युरिकला ५० मिमीचा फ्लँज, कॉस्टिकला ८० मिमीचा, हायड्रोक्लोरिकला वेगळ्या भोकांच्या मांडणीचा पीपी फ्लँज, टोल्युइनला ड्राय डिसकनेक्ट कपलिंग. त्या कपलिंगमध्ये चावीसारख्या खाचा असलेला प्रकार मिळतो, जुळणारी जोडी सोडून दुसरं काही बसतच नाही, आणि काढताना जेमतेम थेंबभरच माल सांडतो. मग शेडमध्ये असतील नसतील तेवढे अडॅप्टर गोळा करून भंगारात द्या. एक अडॅप्टर उरला तरी ही सगळी व्यवस्था फुकट जाते.

सल्फ्युरिक आणि कॉस्टिकची नोझलं शेडच्या दोन टोकांना ठेवा, मध्ये भिंत, सांडलेलं जमा व्हायला दोन वेगळे खड्डे. प्रत्येक नोझलला कुलूप, चावी शिफ्ट इनचार्जकडे. गाडीच्या कागदावरचं नाव आणि नमुन्याची घनता जुळल्यावरच कुलूप उघडायचं. ९८ टक्के सल्फ्युरिक १.८४, ४८ टक्के कॉस्टिक साधारण १.५, ३० टक्के हायड्रोक्लोरिक १.१५. हायड्रोमीटरवर हा फरक मिनिटाभरात दिसतो.

बुटीबोरीकर

दोन गोष्टी, दोन्ही हवामानाच्या. तुमच्याकडे थंडी बेताची असते, पण वाचणाऱ्या विदर्भवाल्यांसाठी लिहून ठेवतो. ५० टक्के कॉस्टिक साधारण १२ अंशांला गोठायला लागतं, ४८ टक्क्यांचंही फार वेगळं नाही. जानेवारीच्या पहाटे आमच्याकडे गाडी अर्ध्यावर अडते. मग कोणीतरी वाफेची नळी थेट पाइपवर सोडतो. ते करू नका. ५० अंशांच्या वर गरम कॉस्टिक एमएसच्या वेल्डला भेगा पाडतं. विजेचं ट्रेसिंग (पाइप गरम ठेवणारी वायर) लावा, त्यावर थर्मोस्टॅट.

दुसरं, ॲसिड अंगावर उडालं तर धुवायचा शॉवर. मे महिन्यात डोक्यावरून उघड्या पाइपने पाणी आणलं तर भाजलेल्या माणसावर कढत पाणी पडतं. पाणी १६ ते ३८ अंशांत हवं, मिनिटाला साधारण ७६ लिटर, सलग १५ मिनिटं. म्हणजे एका माणसाला जवळपास १,१४० लिटर. ५०० लिटरची टाकी शॉवरवर बसवून मोकळे झालेले कारखाने मी पाहिलेत. पाइप जमिनीखालून आणा, टाकी सावलीत ठेवा. शॉवर आणि आयवॉश (डोळे धुवायचा नळ) दोन्ही नोझलपासून १० सेकंदांत पोचतील असे, मध्ये पायरी नको, दार नको. डोळ्यांत ॲसिड गेलेला माणूस दार शोधू शकत नाही.

जुबैलकर

टोल्युइनचं राहिलं होतं. त्याचा फ्लॅशपॉइंट (ज्या तापमानापासून वाफ पेट घेऊ शकते) ४ अंश, म्हणजे लोट्यात बारा महिने त्याच्यावर पेटणारी वाफ असतेच. पेट्रोलियम नियम २००२ खाली तो 'अ' वर्गात येतो, ड्रॉइंग नागपूरच्या पेसोकडून (पेट्रोलियम आणि स्फोटकांची सुरक्षा बघणारी केंद्र सरकारची संस्था) मंजूर करून घ्यावं लागेल. ते काम आधी सुरू करा, शेड उभी राहिल्यावर नको.

अर्थिंगची साधी क्लिप रंगावर चावते आणि सगळ्यांना वाटतं गाडी अर्थ झाली. क्लिप खरंच धातूला लागली आहे का ते सतत मोजणारा, आणि रोध १० ओहमच्या वर गेला की पंप बंद करणारा इंटरलॉक घ्या. या जागेवर पैसे वाचवू नका. टाकीत माल वरून पडू देऊ नका, पाइप तळापर्यंत न्या, आणि पाइपचं टोक बुडेपर्यंत वेग सेकंदाला १ मीटरच्या आत ठेवा. तीन इंची पाइपला ते तासाला साधारण १७ घनमीटर होतं. टाकीची वाफ गाडीकडे परत नेणारी लाइनही टाका.

आर्म की होज, याचं माझं मत: टोल्युइनच्या गाड्या वाढणार असतील तर तिथे एक आर्म घ्या. बाकी तिन्हींना तुमच्या गाड्यांच्या संख्येत चांगला होज पुरतो. आर्मचे स्विव्हल (फिरते सांधे) वेळच्या वेळी बघावे लागतात आणि गाडी ठरावीक खुणेवरच लावावी लागते. ॲसिडमध्ये न बघितलेला स्विव्हल न बघितलेल्या होजइतकाच वाईट.

आप्पा_तळोजा

@वाशिष्ठीकाठ, तुमच्याकडचा पाऊस लक्षात घेऊन एक सांगतो.

९८ टक्के ॲसिड एमएसच्या पाइपला टिकतं, कारण आतून सल्फेटचा थर बसतो. त्याला पाणी लागलं की ॲसिड पातळ होतं, आणि पातळ ॲसिड तोच पाइप झपाट्याने खातं. जुलैमध्ये होज उघड्या तोंडाने खाली टाकून ठेवला, तर पुढच्या गाडीला आतलं पाणी आणि ॲसिड भेटतं, होज हाताला चटका बसेल इतका तापतो. दोन्ही टोकांना साखळीने बांधलेले ब्लाइंड कॅप, होज छपराखाली उतरत्या घोडीवर टांगलेला. पाण्याने दाबचाचणी केलीत तर कोरडी हवा मारून पुरता सुकवल्याशिवाय वापरात घेऊ नका. टाकीच्या व्हेंटला सिलिका जेलचा ब्रीदर (हवेतली ओल शोषणारा) लावा, नाहीतर टाकी दमट हवाच ओढत बसते.

एमएस पाइपमध्येही वेग सेकंदाला १ मीटरच्या आत, नाहीतर तो थरच धुऊन जातो. २० टनांची गाडी म्हणजे फक्त ११ हजार लिटर. दोन इंची लाइनने दीड तास लागेल, तीन इंचीने चाळीस मिनिटं. तीन इंची लाइन टाका, म्हणजे ड्रायव्हर घाई करत नाही आणि पाइपही टिकतो. टाकीकडचा फ्लँज ५० चा ठेवणार असाल तर लगेच पुढे रिड्युसर (माप बदलणारा तुकडा) घालून लाइन वाढवा, आणि पंपाचा फ्लो मात्र त्या ५० च्या तुकड्याच्या हिशेबाने बांधा.

वाशिष्ठीकाठ

आप्पा, यात माझ्या डोक्यात गोंधळ झाला. फ्लो ५० मिमीच्या हिशेबाने बांधला तर तीन इंची लाइनचा फायदा काय?

आप्पा_तळोजा

बरोबर पकडलंत. मग तो ५० चा तुकडा एमएसचा नको, टेफ्लॉन लायनिंगचा घ्या. तिथे थर धुवायचा प्रश्नच येत नाही, आणि एमएसची तीन इंची लाइन १ मीटरच्या आत राहते. होजही टेफ्लॉनचाच आहे, तो सोसेल. जुबैलकरांची वेगळ्या मापाची युक्ती सोडू नका.

मृण्मयी_कुरकुंभ

आणि त्या लायनिंगच्या तुकड्याच्या प्रत्येक फ्लँजवर स्प्रे गार्ड. गळती झालीच तर फवारा तोंडावर न येता खाली ठिबकतो. चाकांना ठोकळे, गाडीची किल्ली शिफ्ट इनचार्जच्या हातात, गाडीसमोर आडवा बार. होज जोडलेला असताना बार उचलायचा नाही. हायड्रोक्लोरिकच्या टाकीचा व्हेंट स्क्रबरला (वाफ धुऊन काढणाऱ्या यंत्राला) जोडलाय ना? यादीत दिसला नाही.

वाशिष्ठीकाठ

जुन्या टाकीला स्क्रबर आहे, नव्या नोझलसाठी त्याची क्षमता परत काढायला सांगितली आहे. हवेची लाइन काल ब्लाइंड केली, प्लँट हेडच्या सहीने. होजचं इंडेंट मृण्मयीताईंच्या यादीप्रमाणे लिहून सोमवारी देतोय. देण्याआधी इथे चिकटवतो, कृपया बारकाईने तपासा.

खरेदीखाते

जरूर चिकटवा. चाचणी सर्टिफिकेटवर होजचा नंबर आणि टॅगवरचा नंबर एकच असला पाहिजे, ही अट इंडेंटमध्ये वेगळ्या ओळीत लिहा. पुरवठादार नेमकी तीच गाळतात.